घरी पहिली जिंजर बिअर : बेळगाव भागातल्या नवशिक्यांसाठी

बेंगळुरूला नोकरीला गेलेली पोरं तिथल्या मायक्रोब्रुअरीतल्या ग्लासांचे फोटो पाठवतात, आणि इथं टिळकवाडीत नाहीतर निपाणीत बसलेल्या माणसाला वाटतं, एक मोठं पातेलं आणि एक बरणी असली की आपणही बिअर करू की. करता येईल, यात शंका नाही. अडचण कायद्याची आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणं कर्नाटकात १९६५ च्या अबकारी कायद्याखाली गुन्हा आहे आणि बिअरही त्यातच मोडते. शिनोळी ओलांडून चंदगडात गेलं म्हणून सुटका होत नाही, तिकडे महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा उभा असतो. ‘घरच्यापुरतीच तर करतोय’ हे उत्तर दोन्हीकडे चालत नाही.

म्हणून इथं जे सांगतोय ते बिअरच्या चुलत भावाबद्दल आहे : आल्याची फसफसणारी जिंजर बिअर. हे पेय मूळ इंग्लंडचं, अठराव्या शतकापासूनचं. तिकडे ते एका चिकट, दाणेदार विरजणावर करत, त्याला ‘जिंजर बिअर प्लांट’ म्हणत. हॅरी मार्शल वॉर्ड या शास्त्रज्ञानं १८९२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवलं की त्यात यीस्ट (साखर आंबवणारी सूक्ष्म बुरशी) आणि जिवाणू एकमेकांच्या आधारानं राहतात. आपल्याला ते दाणे मिळणार नाहीत, गरजही नाही. आल्याच्या सालीवर मुळात असलेल्या यीस्टवर आपलं काम भागतं, त्याचंच आधी विरजण करायचं आणि ते पेयात घालायचं. बिअर करणाऱ्याला जे जे शिकावं लागतं, म्हणजे स्वच्छता, यीस्टची मर्जी, बाटलीतला दाब, ते सगळं यात शिकून होतं. खऱ्या बिअरमधला एक मोठा टप्पा मात्र यात नाही. बार्लीला मोड आणून, वाळवून, भरडून ती ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवली की तिच्यातल्या पिठाची साखर होते. नाचणीला मोड आणून घरी माल्ट करणाऱ्यांना यातला पहिला अर्धा भाग माहीतच आहे. आपण इथं थेट साखर घालतो, त्यामुळे तो खटाटोप वाचतो.

आधी साखरेचा हिशेब

कृतीच्या आधी हिशेब सांगतो, कारण या कामात जे काही बिघडतं, फुटतं किंवा कायद्याच्या रेषेपलीकडे जातं, ते सगळं याच हिशेबात अडकलेलं असतं.

यीस्ट साखर खातं आणि तिचं जवळजवळ निम्मं अल्कोहोल, निम्मा कार्बन डायऑक्साइड करतं. एक लिटर पेयातली ४ ग्रॅम साखर यीस्टनं संपवली की साधारण एक लिटर वायू तयार होतो, आणि बाटली बंद असेल तर तो पेयात विरघळून राहतो. बाजारातल्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरला साडेतीन ते चार लिटर वायू असतो. आपल्या पेयात साखर घालायची आहे लिटरला ८० ग्रॅम. बाटली बंद करून विसरलात आणि यीस्टनं ती सगळी संपवली, तर वीस लिटर वायू. हा दाब कारच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट होतो, आणि काचेची बाटली तिथवर पोचायच्या आतच फुटते.

आता अल्कोहोलची बाजू बघा. लिटरमागे ८० ग्रॅम साखर पुरी आंबली तर पेय पाच टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे सरळ बिअरच्या बरोबरीनं. फक्त ८ ग्रॅम आंबली तर अर्धा टक्का. अन्नसुरक्षेचे नियम अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयाला मद्य धरतात, म्हणून आपलं लक्ष्य तिथं ठेवायचं. ८ ग्रॅम साखरेतून दोन लिटर वायू मिळतो, कोल्ड्रिंकच्या साधारण निम्मा. जिभेला कळेल, ग्लासात वर बुडबुडे येतील, पण नाकात झिणझिण्या येणार नाहीत. ज्यांना जास्त फेस हवा असतो ते बाटली बाहेर आणखी एक दिवस ठेवतात, आणि नेमकं तिथंच दाब आणि अल्कोहोल दोन्ही हाताबाहेर जायला लागतात. सगळी कला वेळेवर फ्रिजमध्ये टाकण्यात आहे.

घरी अल्कोहोल अचूक मोजता येत नाही, शिवाय विरजणातलंही थोडं उतरतं. म्हणून हे पेय ‘बिनअल्कोहोलचं’ म्हणून कुणालाही देऊ नका. लहान मुलं, गरोदर बायका, दारू पूर्ण सोडलेली माणसं, मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्या चालू असलेले रुग्ण यांच्यासाठी वेगळा मार्ग शेवटी दिला आहे. मधुमेह असलेल्यांनीही जपून, कारण बहुतेक साखर पेयात तशीच राहते.

सामान

दीड-दोन लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी. लोणच्याची असेल तर वास पूर्ण गेलाय ना बघा, तेलकट मसाला झाकणाच्या आट्यांत बसलेला असतो. मलमलचं फडकं, रबर, लाकडी किंवा स्टीलचा चमचा, गाळणी, नरसाळं, एक मोठं पातेलं.

बाटल्या कोल्ड्रिंकच्या किंवा सोड्याच्या प्लास्टिकच्या, आणि फक्त त्याच. त्या दाब सहन करायलाच बनवलेल्या असतात आणि दाबून बघितल्या की आत किती वायू झालाय ते कळतं. साध्या पाण्याच्या बाटल्या पातळ असतात, त्या नकोत. सरबताच्या, सॉसच्या, मधाच्या काचेच्या बाटल्यांना तर हातही लावू नका. झडपेच्या झाकणाच्या शोभिवंत काचेच्या बाटल्या ऑनलाइन छान दिसतात, पण त्यांतल्या बऱ्याच फक्त तेल-सरबतासाठी असतात. बिअरच्या रिकाम्या बाटल्या मजबूत खऱ्या, पण त्यांना बूच ठोकायचं यंत्र लागतं आणि आतला दाब बाहेरून कळत नाही. काहीजण गोटी सोड्याच्या बाटल्या वापरायची कल्पना काढतात. त्या बाटलीत गोटी आतल्या वायूच्या दाबानंच तोंडाशी बसते, त्यामुळे हळूहळू आंबणाऱ्या पेयाला ती सुरुवातीला बंदच होत नाही. ती गाडीवरच शोभते.

आलं ताजं, टणक, साल न सुकलेलं. मलनाडचं किंवा साताऱ्याकडचं, दोन्ही चालतं. सुंठ चालत नाही, आणि आलं-लसूण पेस्ट तर नाहीच. यीस्ट सालीत असतं, म्हणून विरजणासाठीचं आलं सोलायचं नाही. माती जाईल इतकंच धुवायचं.

साखर साधी पांढरी. लिंबं इंडीकडची मिळाली तर उत्तम, रस भरपूर असतो. गुळाचं नंतर बोलू.

पाणी मात्र जरा लक्ष देण्याची गोष्ट आहे. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं, आणि क्लोरीन यीस्टला मारक. पाणी पंधरा मिनिटं खळखळून उकळा आणि उघडं गार करा, म्हणजे काम झालं. विहिरीचं, बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही उकळूनच घ्या. अथणी-रायबागकडचं बोअरचं पाणी बरेचदा क्षारांचं असतं आणि पेय मचूळ लागतं. तिथं पिण्यासाठी आणलेलं फिल्टरचं पाणी बरं.

विरजण

बरणी आणि चमचा साबणानं धुऊन, खळखळून, वरून उकळतं पाणी ओता. काच तडकू नये म्हणून आधी कोमट, मग गरम. आतून पुसायचं नाही, स्वयंपाकघरातल्या फडक्याइतकी जंतूंची सोय दुसरी कुठं नसते.

अर्धा लिटर गार झालेलं उकळलेलं पाणी बरणीत घ्या. त्यात सालीसकट किसलेलं आलं दोन मोठे चमचे आणि साखर दोन मोठे चमचे घालून ढवळा. वर मलमल बांधा. झाकण नको, वायू बाहेर जायला हवा. बरणीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा राहिला पाहिजे. रोज एकदा एक चमचा आलं, एक चमचा साखर, आणि सकाळ-संध्याकाळ ढवळणं. एवढंच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बुडबुडे दिसले तर हुरळून जाऊ नका. सुरुवातीचा फेस बऱ्याचदा जिवाणूंचा असतो, मग तो एक-दोन दिवस मंदावतो आणि त्यानंतर यीस्ट जोर धरतं. विरजण तयार झालं हे असं ओळखा : खाऊ घातल्यावर काही तासांत आल्याचा कीस वर तरंगतो, कान लावला तर बारीक चरचर ऐकू येते, पाणी गढूळ होतं, वास आल्याचा आणि किंचित आंबूस येतो. हे सलग दोन दिवस नेमानं झालं पाहिजे.

किती दिवस लागतील ते ऋतूवर. एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांत होतं. डिसेंबर-जानेवारीत, पहाटे स्वेटर लागतो तेव्हा, आठवडा किंवा थोडा जास्त. नवशिक्यानं खरं तर थंडीतच सुरुवात करावी, सगळं सावकाश होतं आणि विचार करायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात अथणी-चिकोडीकडे घरातली हवाच तापते. तेव्हा बरणी माठाशेजारी ठेवा किंवा भोवती ओलं फडकं गुंडाळा. २० ते २८ अंश यीस्टला मानवतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात उलटी गोष्ट : थंडावा आहे, पण ओल इतकी की मलमलीवरच बुरशी धरते. फडकं रोज बदला, किंवा सरळ पाऊस ओसरेपर्यंत थांबा.

विरजण केव्हा टाकून द्यायचं, तेही ऐका. वर लोकरीसारखी बुरशी दिसली, हिरवी असो, काळी असो किंवा पांढरी, तर वरून काढून भागत नाही, सगळं टाका. पांढरा, सपाट, सुरकुतलेला पापुद्रा तितका घातक नसतो, पण नवशिक्याला दोन्हीतला फरक ओळखता येईलच असं नाही, म्हणून तेही टाका. नेलपॉलिशसारखा उग्र वास आला तर टाका. चमचा उचलला की तार धरत असेल, पाणी बुळबुळीत झालं असेल, तर काही जिवाणूंनी साखरेचा चिकट पदार्थ केलेला असतो. उष्म्यात असं होतं. विषारी नसलं तरी पेय पिण्यासारखं होत नाही. आलं-साखरेला फार पैसे पडत नाहीत, जीव लावून बसू नका.

ज्यांना एवढा धीर नाही ते बेकरीच्या सामानाच्या दुकानातून सुकं यीस्ट आणतात. दोन लिटरला अगदी चिमूटभर पुरतं. चालतं, पण पेयाला पावाचा वास येतो आणि दाब इतक्या झपाट्यानं वाढतो की पहिल्या खेपेला तरी मी ते सुचवणार नाही.

पेय

दोन लिटरचं माप सांगतो.

दीडशे ग्रॅम आलं किसून एक लिटर पाण्यात पंधरा मिनिटं मंद उकळा. यासाठीचं आलं सोललं तरी चालेल. गॅस बंद करून १६० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ विरघळवा. झाकून अर्धा तास मुरू द्या, मग गाळा. पाऊण लिटर उकळून गार केलेलं पाणी घाला. आता पूर्ण थंड होऊ द्या. पातेल्याला हात लावला तर गार लागलं पाहिजे. कोमट असताना विरजण घालण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. चाळीस अंशांच्या पुढं यीस्ट मरायला लागतं आणि मग बाटली चार दिवस तशीच मुकी बसते.

गार झाल्यावर तीन लिंबांचा रस गाळून घाला. लिंबाचं काम चवीपुरतं नाही. आंबटपणामुळे नको त्या जिवाणूंना थारा मिळत नाही. मग २०० मिलिलिटर विरजण गाळून घाला आणि हलक्या हातानं ढवळा.

चव बघा. आता गोड वाटेल, थोडं जास्तच. थंड झाल्यावर आणि वायू भरल्यावर गोडी कमी जाणवते, म्हणून लगेच साखर कमी करायला जाऊ नका.

प्लास्टिकच्या बाटल्यांना उकळतं पाणी चालत नाही, त्या आकसतात. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यानं आणि साबणानं धुवा, तीन-चारदा खळखळा. सरबतं टिकवण्यासाठी घरात केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड) असेल तर त्याच्या पातळ द्रावणानं विसळून नंतर गार उकळलेल्या पाण्यानं पुन्हा धुतलं की पक्कं काम. ते आत राहिलं तर यीस्टच झोपवेल. झाकणाच्या आतली चकती नीट बघा, जुना चिकटा तिथंच असतो.

बाटली काठोकाठ भरू नका, वर तीन बोटं जागा. झाकण घट्ट. चिकटपट्टीवर तारीख आणि वेळ लिहून लावा. आज आठवेल असं वाटतं, पण दोन बाटल्या वेगवेगळ्या दिवसांच्या झाल्या की गोंधळ होतो. बाटल्या पातेल्यात किंवा बादलीत उभ्या करून, वर गोणपाट टाकून, उन्हापासून लांब ठेवा.

कधी थांबायचं

दर पाच-सहा तासांनी बाटली दाबून बघा. भरताना ती मऊ दबते. पुढं अंगठा आत जाईनासा होतो. दुकानातून आणलेल्या बंद सोड्याच्या बाटलीपेक्षा किंचित मऊ लागली की तीच वेळ. लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात याला बारा तास पुरतात, थंडीत दीड-दोन दिवस लागतात. रात्री झोपताना निम्मी कडक वाटली आणि बाहेर उकाडा असेल, तर सकाळची वाट बघू नका, तशीच आत टाका. फेस थोडा कमी आला तर बिघडत नाही.

फ्रिजमध्ये किमान रात्रभर. थंड पेयात वायू नीट विरघळतो, लगेच उघडलं तर अर्धा फेस सिंकमध्ये जातो. उघडतानाही झाकण थोडं फिरवा, सुस्कारा येऊ द्या, पुन्हा बंद करा, असं दोन-तीनदा. तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्याकडे धरू नका.

फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, सुस्तावतं. म्हणून आठवड्यात संपवा, आणि दोन-तीन दिवसांनी बाटली एकदा दाबून बघत जा. खेड्यात लाइट जाते तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा. सहा-सात तास फ्रिज बंद राहिला की बाटलीत काम पुन्हा सुरू होतं. लाइट लवकर येणार नाही असं दिसलं तर झाकण थोडं सैल करून वायू सोडून द्या. गावाला जायचं असेल तर बाटल्या आधी संपवा किंवा वाटून टाका.

गूळ घालायचा का?

आपल्या भागात हा प्रश्न येणारच. निपाणी-चिकोडीकडची गुऱ्हाळं आहेत, महालिंगपूरचा बाजार आहे, आणि पांढरी साखर कशाला असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. गूळ यीस्टला आवडतो, त्यात साखरेशिवाय इतर खनिजंही असतात, त्यामुळे आंबणं जोरात होतं. पण सगळी साखर काढून गूळच घातला तर आल्याची धार मारली जाते, रंग गढूळ तपकिरी होतो आणि मळी तळाशी बसते. माझ्या मते तिसरा हिस्सा गूळ, बाकी साखर, हे प्रमाण बरं. गूळ पाण्यात उकळून गाळून घ्या. काकवी मिळाली तर विरजणात एक चमचा टाकून बघा, मंदावलेलं विरजण तिच्यानं जागं होतं. मात्र गूळ घातलेल्या बाटल्या दर तीन-चार तासांनी दाबायच्या.

दालचिनी, मिरी, ओली हळद, गवती चहा, सगळं उकळतानाच घाला. कोकमाची आगळ मिठाची असते, ती घातली तर वरचं मीठ वगळा. पुदिना बाटलीत घालायची पद्धत दिसते, पण पानांबरोबर काय काय आत जातं ते सांगता येत नाही, ग्लासात घाला.

मुलांसाठी

आलं, साखर, मीठ आणि लिंबाचं हेच मिश्रण निम्म्या पाण्यात दाट करा, विरजण घालू नका, गाळून थंड करा. ग्लासात निम्मं मिश्रण, निम्मा सोडा. गोटी सोडा फोडून घातला तर पोरांना पेयापेक्षा त्या आवाजाचंच कौतुक जास्त. हे मिश्रण फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं.

विरजण जिवंत ठेवणं

२०० मिलिलिटर काढलं की तेवढंच गार उकळलेलं पाणी, एक चमचा आलं आणि एक चमचा साखर घालून बरणी पुन्हा भरती करा. लगेच दुसरी खेप करायची नसेल तर एक दिवस बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये, झाकण सैल ठेवून. आठवड्यातून एकदा एकेक चमचा आलं-साखर. पुन्हा वापरायच्या आधी दोन दिवस बाहेर काढून रोज खाऊ घाला, चरचर ऐकू आली की वापरा. कीस फार साठला तर निम्मा गाळून काढा.

शेजारीपाजारी मागायला लागले तर बाटली देण्यापेक्षा विरजणच वाटीभर द्या आणि सोबत दाब कसा बघायचा ते सांगा. बाटली दिली तर ती त्यांच्या ओट्यावर किती तास उभी राहील ते तुमच्या हातात नसतं. विकायचा विचार मनात आला तर आधी अन्नसुरक्षेचा परवाना आणि प्रयोगशाळेतली अल्कोहोलची तपासणी, मग पुढचं.

आणि उकळून गाळलेलं आलं टाकू नका. त्यात तिखटपणा बराच शिल्लक असतो, साखर घालून आटवलंत की आलेपाकाच्या वड्या होतात.